अप्पांच्या पायाचं माप

इतका घाबरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि इतक्या रुंद पायांचाही नाही. मन्मथप्पांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींत अशा काही गुंतल्या होत्या की एकीबद्दल सांगायला बसलं की दुसरी आपोआप येते.

मी नगरकडची. लग्न होऊन मोगलाईत आले, कारण आमच्या मास्तरांची नेमणूक यूसुफ वडगावच्या शाळेत झाली होती. माहेरी सगळ्यांनी मला भरपूर घाबरवून पाठवलं होतं. तिकडे निजामाचं राज्य, पोलिसांचा अमीन दिसेल त्याला धरतो, शिपाई दारातली कोंबडी उचलून नेतात, बोलायचं तर उर्दूत. गाडीतून उतरले ती पदर घट्ट धरूनच. समोर घराचे मालक मन्मथप्पा उभे होते, गावातले किराणा-कापडाचे व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, देह चांगला भरलेला. म्हटलं, बरं झालं, आधाराला दांडगा माणूस मिळाला. तेवढ्यात आमच्या सामानातून एक पाल सळसळत बाहेर आली आणि अप्पा माझ्याआधी घरात पळाले. आधाराची आशा मी तिथेच सोडली. पण त्या दिवसापासून मला त्या गावात जरा कमी एकटं वाटू लागलं, हेही खरं.

आमची दोन खोल्यांची जागा त्यांच्याच घराला लागून होती, अंगण एक. रोज पहाटे मी सडा घालायची आणि तो वाळायच्या आत अप्पा त्यावरून न्हाणीकडे जायचे. त्यांचं पाऊल उमटलं की पाट टेकवल्यासारखं दिसायचं. टाच बेताची, पण पुढे पाय असा पसरलेला की पाची बोटं पाच दिशांना. मी काही बोलले नाही तरी त्यांना कळायचं. "चुकलो, मास्तरीणबाई," म्हणत ते अंगठ्यावर अंगठा ठेवून उभे राहायचे.

बोलण्याची त्यांची एक रीत होती. काहीही सांगायचं असलं तरी आधी डावीकडे पाहायचं, मग उजवीकडे, मग आवाज खाली आणून म्हणायचं, "कुनाला सांगू नका, पन..." आणि पुढे काय, तर "आज लई ऊन हाय." किंवा "तुरीची डाळ शिजंना झालीय." सुरुवातीला मी जीव मुठीत धरून ऐकायची. नंतर हसू यायला लागलं. त्यांच्या बायकोला, महादेवीअक्कांना, मात्र याचा भारी राग. "ऊन काय चोरीचं हाय का?" असं त्या चुलीपुढूनच विचारायच्या.

या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीची हौस होती. चांगला जोडा. नुसता पाय झाकणारा नव्हे, देखणा. दुकानात बसल्या बसल्या त्यांची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी पायाकडे जायची. "जोडा दिसाया हैद्राबादी पायजे," ते म्हणायचे, "आन आत पाय घरच्यावानी बसाया पायजे." पण बाजारात मिळणारे सगळे जोडे अरुंद पायांच्या माणसांसाठी केलेले. अप्पा अनवाणी फिरायचे, नाहीतर दोन पट्ट्यांच्या ओबडधोबड वहाणा फरफटवत. टाचांना भेगा, बोटांत काटे.

लिंबागणेशची गोष्ट मला अक्कांनी सांगितली. अप्पांनी एकदा बीडच्या बाजारातून काळा चकचकीत पंपशू आणला होता. तो घालून लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला गेले. देवळाबाहेर जोडा काढला, दर्शन घेतलं, आणि परत आले तर सुजलेला पाय काही केल्या आत जाईना. थोडा वेळ झटापट केली. शेवटी जोडा काखेत मारला आणि चालू लागले. देवळाच्या दारातून एक माणूस अनवाणी, काखेत नवाकोरा जोडा, आणि दर चार पावलांवर मागे वळून पाहतोय. कुणीतरी ओरडलंच, "आरं धरा, जोडे चोरून चाललाय." त्यावर स्वतःचा जोडा आहे असं सांगायचं की नाही? अप्पांनी जोडा तिथेच टाकला आणि धूम ठोकली. "सोताचा माल टाकून पळालेलं चोर मी तेवढंच बगितलं," अक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. अप्पा खांबाला टेकून सगळं ऐकत होते. त्यांना तेव्हाही घाम फुटला होता.

मग एकदा जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा, म्हणजे कलेक्टरांचा, दौरा आला. गावच्या व्यापाऱ्यांनी पागोटं, लांब अंगरखा आणि पायात जोडा अशा पोशाखात सलामाला उभं राहायचं असा हुकूम होता. अप्पा कुणाचा तरी जोडा मागून, त्यात निम्मे पाय घालून, टाचा बाहेर ठेवून उभे राहिले. साहेबांचं लक्ष नव्हतं, पण त्यांच्या चपराशाचं होतं. तो मोठ्याने म्हणाला, "ये पाँव है या फावडा?" सगळे हसले. घरी आल्यावर अप्पा दिवसभर जेवले नाहीत. मला वाटलं अपमान लागला. तर ते म्हणाले, "मास्तरीणबाई, कुनाला सांगू नका, पन सरकारच्या मानसानं माजा पाय वळखून ठिवलाय." ओळखून ठेवलाय, याचीच त्यांना भीती. सरकारने आपलं नाव, तोंड, पाय, काहीही ओळखू नये, एवढंच त्यांचं सरकारकडे मागणं होतं.

जोडे करणारा सटवा गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला राहायचा. हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. आता त्या काळची रीत सांगितली पाहिजे. सटवा जातीमुळे कुणाच्या अंगाला हात लावू शकत नसे, मग पायाला तरी कसा लावणार? म्हणून माप गिऱ्हाइकानेच द्यायचं. पोत्याच्या तुकड्यावर पाय ठेवायचा, कोळशाने भोवती रेघ ओढायची आणि तुकडा उंबऱ्याबाहेर टाकायचा. सटवा तो उचलून न्यायचा. आमच्या घरीही हेच चालायचं, आणि यात काही चमत्कारिक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

अप्पांना माप काढताना मी एकदा पाहिलं. माणसं पोट आत घेतात तसा ते पाय आत घेत होते. बोटं आवळून, श्वास रोखून, कोळसा कातडीला घासत रेघ ओढली. मग ती पाहून त्यांनाच लाज वाटली असावी, कारण बाजूची रेघ पुसून त्यांनी थोडी आतून दुसरी काढली. सटवाने त्या रेघेबरहुकूम जोडा केला आणि तो अर्थात चावला. पुन्हा पोतं, पुन्हा कोळसा, पुन्हा तेच. सटवा तरी काय करणार? शेवटी एकदा तो अंगणाबाहेर उभा राहून म्हणाला, "अप्पा, रेघ तुमी काडू नका. ती खोटी येती. पाय द्या."

"पाय द्या म्हंजी?" अप्पा म्हणाले.

"हातात द्या. मंग जोडा हुतो."

अप्पा घाईने आत गेले आणि दार लावून घेतलं.

पण हौस वाईट. एका भर दुपारी अप्पा बाहेरून आले ते थेट आडावर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायला लागले. अक्का शेजारी दळण करायला गेल्या होत्या. मी विचारलं, काय झालं? त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि सांगितलं. पाटलांच्या वाड्याच्या मागच्या भिंतीखाली, ओढ्यालगत, मऊ चिकणमाती आहे आणि दुपारी तिकडे कुणी फिरकत नाही. तिथे सटवाने, स्वतः दगडावरच बसून, त्यांचा एक पाय दगडावर ठेवायला लावला, दुसरा हातात धरून मातीत दाबला, बोट न् बोट मोकळं करून. मग त्या ठशाचं दोरीने माप घेतलं.

"मी वडून घेनार व्हतो," अप्पा म्हणाले, "पन लई बरं वाटलं. आजवर माजा पाय आसा कुनी धरला न्हाई." आणि लगेच घाबरून म्हणाले, "कुनाला सांगू नका." त्या दिवशी मात्र ते खरंच न सांगण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात बोंब उठली. पाटलांच्या वाड्याची मागची भिंत फोडून चोरांनी चांदी आणि भांडी नेली होती. ओढ्याच्या बाजूला सगळा दगडगोटा, माग कुठे दिसेना. भिंतीखालच्या चिकणमातीत तेवढं एकच पाऊल होतं, खोल, स्वच्छ आणि भलतंच रुंद. गावकऱ्यांनी त्यावर टोपली पालथी घातली, वर धोंडा ठेवला, भोवती काटे लावले. अमीन येईपर्यंत पाऊल मोडू द्यायचं नाही, ही रीतच होती. चोरांचा माग गावच्या शिवेबाहेर गेला तर पुढचं गाव जबाबदार, नाही गेला तर आपलं. सगळं गाव त्या एका पावलापाशी अडकून बसलं.

मी ते ऐकलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. अप्पांकडे पाहायचं धाडस मला झालं नाही.

अमीन यायला आठवडा लागला. तो आठवडा मी विसरणार नाही. पाय हा अवयव असा भीतीचा होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पुरुष रस्त्याच्या कडेने, गवतावरून चालायला लागले. बायका नवऱ्याच्या मागून केरसुणी फिरवायच्या. ज्यांचे पाय जरा मोठे होते ते पारावर मांडी घालून बसायचे आणि उठायचेच नाहीत. अप्पांना ताप भरला. त्यांनी दुकान उघडलं नाही. "ह्यास्नी झालंय तरी काय?" अक्का मला विचारायच्या आणि मी खाली मान घालून भाजी निवडत राहायची.

त्याच आठवड्यात सटवाने जोडा आणून मागच्या दारी ठेवला. तो जोडा मी हातात घेऊन पाहिला नाही, पण डोळ्यांनी पुरेपूर पाहिला. काळं मऊ कातडं, आत लाल अस्तर, टोकाला बेताने वळलेली चोच, वर छोटासा गोंडा. पुढे भरपूर रुंद, तरी पाहणाऱ्याला तो रुंद वाटू नये अशी शिवण. अप्पांनी अंगठा घातला, मग बोटं, मग टाच. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी भीती गेली. मी तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे कुणी परकाच माणूस उभा आहे असं वाटलं. "बसला," ते म्हणाले. मग भानावर आले, जोडा काढला आणि हरभऱ्याच्या पोत्यात खोल खुपसला. ठशाला तंतोतंत बसणारा जोडा घरात असणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

अमीन घोड्यावरून आला, मागे शिपाई. चावडीत मुक्काम पडला. पहिल्या तासातच शिपायांनी सटवाला धरून आणलं, कारण त्याची झोपडी ओढ्याकाठी होती आणि त्याच्यासाठी भांडायला कुणी येणार नव्हतं. भिंतीपाशी नेऊन, टोपली उचलून त्याचा पाय ठशावर ठेवला तर तो त्यात बुडून गेला. मग तुझा साथीदार कोण, असं अमीन विचारू लागला. सटवा म्हणाला, "चोराचा पाय न्हाई सरकार. जोड्याचं माप हाय."

"किसका माप?"

सटवा गप्प राहिला. नाव घेतलं असतं तर अप्पा अडकले असते, आणि गावच्या व्यापाऱ्याचा पाय याने हातात धरला म्हणून गावाने याला वेगळं सोलून काढलं असतं. आमचे मास्तर चावडीवर हे ऐकून आले आणि मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते तसेच उठले आणि अप्पांच्या खोलीत गेले. अप्पा धान्याच्या पोत्यांमध्ये कानांवर हात ठेवून बसले होते. चावडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वेताचा आवाज येत होता आणि त्यामागून सटवाचा.

मास्तर म्हणाले, "अप्पा, तुम्ही बोलल्याशिवाय तो सुटणार नाही."

"मास्तर," अप्पा म्हणाले, "मी बोललो तर मी सुटत न्हाई."

  अमीन धरील, जातीचे लोक वाळीत टाकतील, अक्का घरात घेतील की नाही ठाऊक नाही. भित्र्या माणसाला उगाचच भीती वाटते असं आपण समजतो, पण अप्पांची भीती त्या दिवशी एकूण एक खरी होती. मी दाराशी उभी होते.

मग ओरडणं एकदम थांबलं.

अप्पांनी कानांवरचे हात काढले. थोडा वेळ ऐकलं. "वरडनं थांबलं कावून?" त्यांनी विचारलं.  त्यांनी पुन्हा विचारलं, "मास्तर, थांबलं कावून?" आणि उठून हरभऱ्याच्या पोत्यात हात घातला.

मी आणि अक्का जिना चढून माळवदावर धावलो. तिथून चावडी दिसते आणि पाटलांची मागची भिंतही. अक्कांना तोवर काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी नवऱ्याला खालून जाताना पाहिलं, आधी त्यांच्या पायातल्या नव्या जोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. अप्पा रस्त्याच्या मधून चालले होते. लंगडत नव्हते, फरफटत नव्हते. पण मान अशी थरथरत होती की पागोटं हललेलं वरून दिसत होतं.

ते चावडीवर थांबलेच नाहीत, थेट ओढ्याकडे गेले, आणि मागून अमीन, शिपाई, पाटील, सगळं गाव. त्यांनी टोपली बाजूला सारली, उजवा जोडा काढला आणि पाय ठशात ठेवला. वाळलेल्या मातीत तो असा बसला की बोटाएवढी फट राहिली नाही.

"सरकार, ह्यो पाय माजा हाय," अप्पा म्हणाले. आवाज फाटला होता, पण वर ऐकू आला. "मी चोर न्हाई. त्यानं माजा पाय धरून मातीत ठिवला. माप घेतलं. ह्यो जोडा बगा."

"किसने पकडा?" अमीनाने विचारलं.

"सटवानं. हातानं."

पाटील पुढे आले. "अप्पा, शुद्धीवर हाय का? काय बोलता, कुनापुढं बोलता?"

"हातानं धरला, पाटील," अप्पा पुन्हा म्हणाले. "आन मी धरू दिला."

शेजारी उभ्या अक्कांनी "शिवा शिवा" म्हणून डोळे मिटले. अमीनाने जोडा मागून घेतला, उलटसुलट पाहिला, ठशावर ठेवला. तो तंतोतंत बसला. मग त्याच्या ध्यानात आलं की पाऊल एकच आहे, जोडीचं दुसरं नाही. "चोर एक टांग पे आया था क्या?" असं म्हणून तो हसला आणि शिपाईही हसले. गावातलं कुणी हसलं नाही. चोरी राहिली बाजूला, गावाने तेवढं "हातानं" लक्षात ठेवलं.

सटवाला सोडलं. तो जिवंत होता, चावडीच्या कोपऱ्यात बेशुद्ध पडला होता. उजव्या हाताची बोटं फोडली होती, आणि त्यातलं एक पुन्हा कधी सरळ झालं नाही. अप्पांना जबानीसाठी तालुक्याला, केजला नेलं आणि काही दिवसांनी सोडून दिलं. चोर सापडले नाहीत ते नाहीतच.

अप्पा परत आले तेव्हा अक्कांनी त्यांचा तांब्या वेगळा ठेवला होता. दुकानात कुणी फिरकेना. जातीची माणसं बसली, प्रायश्चित्त ठरलं, आणि अप्पांनी ते सगळं मुकाट्याने घेतलं. आता ते एकदम शूर झाले असतील असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. ते प्रत्येकाच्या पाया पडले, प्रत्येकाला "चुकलो" म्हणाले. पालीलाही पूर्वीइतकेच घाबरत राहिले. जोडा ओढ्यात फेकून द्या असं सांगितलं तेव्हा "फेकतो, फेकतो" म्हणाले. रोज कुणीतरी विचारायचं आणि रोज ते "फेकतो" म्हणायचे, पायात तोच जोडा घालून. हळूहळू गिऱ्हाइकं आली, कारण गावात मीठ आणखी कुठे मिळत नव्हतं. अक्कांनी तांब्या कधी पूर्वीच्या जागी ठेवला ते मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांची बदली झाली. निघायच्या सकाळी अक्का माझी ओटी भरून ढसढसा रडल्या. अप्पा घरात नव्हते. असे निरोप त्यांना झेपत नाहीत, म्हणून कुठेतरी लपले असतील, असं आम्ही धरून चाललो. गाडी बाजारातून निघाली आणि ओढ्याला आली.

बाजाराचा दिवस होता, वाटेवर माणसांची रीघ लागली होती. सटवाच्या झोपडीपुढे उघड्यावर, दगडावर अप्पा बसले होते. तळ झिजला असावा, जोडा काढून शेजारी ठेवला होता आणि उजवा पाय पुढे केला होता. सटवा त्या वाकड्या बोटाच्या हाताने तो पाय धरून माप घेत होता. येणारेजाणारे थबकून पाहत होते, एक-दोघे थुंकले. अप्पांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. ते डावीकडे पाहत होते, उजवीकडे पाहत होते, दोन्ही हातांनी दगड घट्ट धरून बसले होते. आमच्या गाडीचा आवाज ऐकून त्यांनी दचकून वर पाहिलं. आता पाय ओढून घेतील, असं मला वाटलं.

गाडी ओढा चढून वर जाईपर्यंत मी मागे पाहत होते. अप्पांनी पाय काढून घेतला नाही.